खानापूरला बुडणारी वाटी

"वासंतीला न्यायचं नाही," चिंतूनं एकदाचं सांगून टाकलं. "गेल्या मेमध्ये करवंदांना निघालो, तर ही मधेच मटकन खाली बसली. का, तर तू नेहमीची वाट सोडलीस म्हणून. करवंदं राहिली जाळीवर आणि आपण हात हलवत घरी."

शामू टोपलीला दोरी बांधत होता. "आणि आत्यानं काय बजावलंय? दोघं मिळून जायचं, दोघं मिळून यायचं."

"आई बसलीय बेळगावात. तिला इथलं काय दिसतंय?"

चिंतू म्हणजे चिंतामणी. तो आणि त्याची धाकटी बहीण वासंती सुट्टीसाठी कालच मामाच्या गावी आली होती. साल होतं एकोणीसशे छत्तीस. वडील बेळगाव स्टेशनवर तिकीटबाबू, बिऱ्हाड खासबागेत. मामाचं गाव खालचं करंजहोळ, बेळगावच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी. मामा म्हणजे मारुतीराव, गावचे मुख्य पंच, आणि शामू त्यांचा मुलगा.

वासंती अकरा वर्षांची होती. बोलायचं असेल तेवढंच ती बोलायची आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची नाही. खडेबाजारातून चालताना दोन्ही कान घट्ट दाबून धरायची. उलट खासबागेतल्या मागाच्या खिडकीपाशी तासन्‌तास उभी राहायची, कारण माग एकाच तालात चालतो, मधेच ओरडत नाही. शाळेत एकदा घंटा अवेळी वाजली तेव्हा ती बाकाखाली शिरली आणि सुटेपर्यंत बाहेर आली नाही. मास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, "हिला घरीच ठेवलेली बरी." अशा मुलांना काय म्हणायचं हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक आपल्या सोयीनं हट्टी म्हणत, वेडसर म्हणत, आणि चिंतूला त्या लोकांचा राग येई. वासंतीचाही येई. कुणाचा जास्त, हे त्याला ठरवता येत नसे.

तेवढ्यात मालू आली. मालू ही शेताशेतात पाटाचं पाणी वळवणाऱ्या भरमू पाटकऱ्याची मुलगी. करवंदांच्या जाळ्या तिच्याइतक्या कुणालाच माहीत नव्हत्या, त्यामुळे तिच्यावाचून मोहीम निघतच नसे. आज मात्र तिच्या हातात टोपली नव्हती.

"मी येत न्हाय," ती म्हणाली. "आमी गाव सोडणार."

"का गं?"

"सोमवारी देवळात बैठक हाय. आण्णाप्पाकाका म्हणत्यात, माझा बा त्येंच्या वाटणीचं पाणी दुसऱ्याला सोडतोय. त्येंचा ऊस वाळाय लागलाय. बाचं काम काढून घेतलं की आमी निपाणीला, मावशीकडं. तंबाकूच्या वखारीत काम मिळतंय म्हणं. मलाबी."

"आणि शाळा?" चिंतूनं विचारलं.

"वखारीत शाळा असतीया व्हय?" मालू म्हणाली आणि पायानं माती उकरत राहिली.

करवंदं बाजूलाच राहिली. मालूला आई नव्हती, मालूचं घर म्हणजे ती आणि तिचा बा. आणि भरमूनं पाणी चोरलं असेल हे तिघांपैकी कुणालाच पटत नव्हतं.

करंजहोळच्या पाण्याची रीत अशी होती. ओढ्यावर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एकामागून एकाच्या शेताला. कुणाला किती वेळ, ते वाटीवर ठरे. कलमेश्वराच्या देवळात एक तांब्याची वाटी होती, तिच्या बुडाला बारीक भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढायचं, वाटी भरायची आणि ढुब्‌ करून बुडायची. बुडाली की मष्णू गुरवानं कमानीला टांगलेल्या तासावर, म्हणजे पितळी थाळीवर, टोला द्यायचा आणि वाटी पुन्हा तरंगत सोडायची. टोला सगळ्या शिवारात ऐकू जायचा. ज्याच्या जितक्या वाट्या ठरल्या, तितके टोले झाले की भरमू पाटाची माती ओढून पाणी पुढच्याच्या शेतात वळवायचा. मारुतीरावांचं शेत पहिलं, आण्णाप्पांचं शेवटचं. दिवस मावळला की पाणी गुरांच्या तळ्यात सोडायचं, मग कुणाची पाळी अर्धी राहो की पुरी. ही रीत पणजोबांच्या वेळची आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"पण बघू तरी भरमूकाका पाणी कुठं नेतोय ते," शामू म्हणाला. "पाट धरून चालत जाऊ. चोर असंल तर घावंल."

"माझा बा चोर न्हाय," मालू म्हणाली.

"तसं न्हाय गं, दुसरा कोणतरी."

एवढ्यात देवळाकडून ओरडा ऐकू आला. चिंतूनं तो लगेच ओळखला आणि कपाळाला हात लावला.

देवळाच्या ओवरीत वासंती भिंतीला टेकून पुढं-मागं झुलत होती, हात कानांवर. भोवती तिचे खडे विखुरले होते. मष्णू गुरव हातातला हातोडा तसाच धरून वैतागून उभा होता.

"न्ह्या रं बाबा हिला," तो म्हणाला. "सकाळपासनं मला झोपू देईना. खानापूर, खानापूर म्हणून उठीवती आणि बघतोय तर वाटी आपली तरंगतीया."

हे खडे आणि हे खानापूर काय, ते सांगायला हवं. वासंतीचा एक खेळ होता: गाडी. ती खडे ओळीनं मांडायची, एकेक खडा म्हणजे एकेक स्टेशन. मिरजेहून गाडी सुटायची. शिट्टी, वाफ, चाकांचा ठेका, सगळं ती तोंडानं करायची. शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग. घटप्रभेला इंजिन पाणी प्यायचं, तेव्हा पाण्याचा आवाज. बेळगावला चहावाला ओरडायचा आणि वडिलांचं तिकिटाचं यंत्र खटखटायचं. मग देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. गाडी कधी घाईत नसे, कधी रेंगाळत नसे, आणि एकही आवाज गळत नसे. गेल्या नाताळच्या सुट्टीत तिनं हा खेळ घंगाळाशेजारी मांडला आणि तिला एक गंमत सापडली. वाटी पाण्यात सोडताना गाडी मिरजेहून सोडली, तर गाडी खानापुरात शिरायला आणि वाटी बुडायला एकच गाठ पडायची. दर वेळी. वासंती दर वेळी खुदकन हसायची. मष्णूलाही बरंच झालं होतं, कारण तिनं "खानापूर" म्हटलं की डोळे उघडायचे, टोला द्यायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं.

"चल घरी," चिंतू तिच्या दंडाला न धरता म्हणाला. दंडाला धरलं की ती अधिक बिथरते एवढं त्याला कळत होतं.

घरी आल्यावर ती धान्याच्या कणगीमागं जाऊन बसली. बऱ्याच वेळानं तिथून आवाज आला.

"माझी गाडी बिघडली."

चिंतूनं आजवर वासंतीबद्दल शेकडो तक्रारी ऐकल्या होत्या. मास्तरांच्या, शेजारणींच्या, स्वतःच्यासुद्धा. पण वासंतीनं स्वतःला चुकीचं म्हटलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. तो तसाच बाहेर आला.

दुपारी तिघं पाटाकाठानं निघाली. शामूनं काठी घेतली होती, चोर दिसला तर असावी म्हणून. चोर काही दिसला नाही. एक खेकड्याचं बीळ दिसलं आणि शामू त्यात काठी घालायला वाकला तो थेट पाटात पडला.

"घावला का चोर?" मालूनं विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"बीळ लई मोठं हाय," शामू चिखल निपटत म्हणाला.

"घोटभर पाणी जात असंल त्यातनं. ऊस वाळायला घोटभर पुरत न्हाय."

बंधाऱ्यापर्यंत पाट धड होता. कुठं फुटला नव्हता, कुठं चोरून वळवलेला नव्हता. परत येताना चिंतू शामूच्या शेतापाशी थबकला. उसाच्या सऱ्या काठोकाठ भरून पाणी बांधावरून खालच्या वाटेवर आलं होतं.

"तुमच्याकडं पाणी जास्त झालंय की रे."

"व्हय की," शामू खजील होऊन म्हणाला. "आणि त्यो बघ, शेजारच्या रानातबी तसंच."

पुढच्या शेतातही तीच गत. जास्त पाणी मिळालं म्हणून तक्रार घेऊन जाणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे, त्यामुळे सगळे चिडीचूप होते.

"म्हणजे सगळ्यांनाच जास्त मिळतंय, आणि शेवटच्याची पाळी येईस्तोवर दिवस मावळतोय," चिंतू म्हणाला. "मालू, तुझे बाबा पाणी कधी वळवतात?"

"तास वाजला की. तास वाजस्तवर बा मातीला हात लावत न्हाय."

"मग तासच उशिरा वाजत असेल तर?"

बोलता बोलताच चिंतूनं देवळाकडे पाहिलं. सकाळचं मष्णूचं बोलणं त्याला आठवलं: खानापूर म्हणून उठवती, आणि वाटी आपली तरंगतीया. तो वळला आणि घराकडे पळत सुटला.

कणगीमागं डोकावून त्यानं विचारलं, "वासू, वाटी कुठं बुडली?"

"लोंढ्याला."

"एकदाच?"

"दर वेळी. खानापूर गेलं, गुंजी गेली, मग लोंढ्याला बुडली. मी परत परत गाडी सोडली. दर वेळी लोंढ्याला." वासंतीचा आवाज रडवेला झाला. "गाडी हळू चालली."

"किंवा वाटी हळू बुडली," मागून मालू म्हणाली.

वासंती कणगीआडून डोकावली. ही शक्यता तिच्या डोक्यात आली नव्हती. वाटी देवाची होती, सगळं गाव तिच्यावर चालत होतं. आणि वासंतीला तर सगळे नेहमी सांगत, तुझंच चुकतंय.

"पण मोठ्यांना कसं पटवायचं?" शामू म्हणाला. "माझा बा म्हणणार, पोरीची गाडी खोटी, देवाची वाटी खरी."

"वरच्या करंजहोळात वाटी हाय की," मालू म्हणाली. "जुळी. तांबटानं एकाच पत्र्यातनं दोन काढलेल्या. वासंतीनं तिथं गाडी सोडून बघावी. खानापूरला बुडाली तर गाडी बरोबर."

"आणि लोंढ्याला बुडाली तर?" वासंतीनं विचारलं.

पण विचारता विचारता ती कणगीमागून बाहेर आली.

रविवारी सकाळी चौघं निघाली. वरच्या करंजहोळची वाट वासंतीनं कधी पाहिली नव्हती. गावाबाहेरच्या चिंचेपाशी ती थांबली. चेहरा पांढरा पडला, बोटं परकराशी चाळा करू लागली. आता ही खाली बसणार, हे चिंतूला दिसलं. नेहमीसारखा ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मालू," तो म्हणाला, "वाटेत काय काय लागतं, ओळीनं सांग."

"आता चिंच. मग म्हसोबाचा दगड. मग ओढा, पायरी पायरीच्या दगडांवरनं. मग बांबूचं बेट. मग चढ. मग वरच्या करंजहोळचं देऊळ."

"चिंच, म्हसोबा, ओढा, बांबू, चढ, देऊळ," वासंती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग चालू लागली, आणि म्हसोबाचा दगड आल्यावर तिनं त्याला हात लावून "म्हसोबा" असं जाहीर केलं. ओढ्यापाशी तर शिट्टीही वाजली. इतकं सोपं होतं, तर गेल्या मेमध्ये आपल्याला का सुचलं नाही, असं चिंतूला वाटून गेलं.

वरच्या देवळात वाटी सांभाळायला म्हातारी अंबुबाई होती. गुरवाचं काम तिच्या नवऱ्यामागं तीच बघत होती. चार मुलं बघून तिनं आधी चपला कुठं काढायच्या ते सांगितलं आणि मग कशाला आला ते विचारलं. मालूनं सगळी हकिकत सांगितली.

"गाडी?" अंबुबाई म्हणाली. "मी तर अजून गाडीत बसले न्हाय. बघू दे तरी."

वासंतीनं खडे मांडले. अंबुबाईनं वाटी पाण्यात सोडली आणि मिरजेहून गाडी सुटली. शामूला मधेच खोकला आला, तो त्यानं तोंडात धोतर कोंबून दाबला. रायबाग गेलं. घटप्रभेला इंजिन पाणी प्यायलं. बेळगावचा चहावाला आला तेव्हा अंबुबाईनं कौतुकानं मान हलवली. देसूर गेलं. चिंतूला घंगाळाकडे बघवेना. इदलहोंड गेलं. वासंतीनं घंगाळाकडे पाठच केली होती. चाकांचा ठेका मंदावला, ब्रेक करकरले, आणि ती म्हणाली,

"खानापूर."

ढुब्‌.

वासंती वळली. बुडालेल्या वाटीकडे ती बघत राहिली आणि तिचे दोन्ही हात पाखरासारखे फडफडू लागले. ती खूष झाली की असेच हात हलवायची आणि बेळगावात चिंतू घाईघाईनं तिच्यापुढं उभा राहून ते झाकायचा. आज तो जागचा हलला नाही.

"माझी गाडी बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरोबर आहे, वासू," चिंतू म्हणाला. "पहिल्यापासून बरोबर होती."

अंबुबाईनं वाटी उचलून तिच्यातलं पाणी ओतलं. वासंती जवळ गेली आणि वाटीच्या आत बघू लागली. "ही आतून लाल आहे. ती आतून पांढरी आहे."

"पांढरी?" अंबुबाईनं चमकून विचारलं. "तांब्याची वाटी पांढरी कशी होईल? कल्हई लावल्याबिगर?"

मालूनं तोंडावर हात ठेवला. "चैतातल्या जत्रेला कल्हईवाला आलता! पिंपळाखाली भाता लावून बसलता. मष्णूकाकानं देवळातली समदी भांडी त्याच्याम्होरं नेऊन ओतली. जत्रेला देवाचं समदं लखलखीत पायजे म्हणून."

"आणि त्यात वाटीबी," अंबुबाई म्हणाली. "कथिल भोकात बसलं असणार. भोक बारीक झालं, पाणी सावकाश चढाय लागलं. अरं देवा, वाटीला कुणी कल्हई लावतं व्हय? तिच्यात काय ताक प्यायचंय?"

"आजी, तुम्ही वाटी घेऊन उद्या खाली याल?" चिंतूनं विचारलं.

"देवाची वाटी गावाबाहेर जात न्हाय." म्हातारीनं मालूकडे पाहिलं. मालू तिच्याकडेच बघत होती. "पण उद्या सोमवार, देवाचा वार. पाट बंदच असतोय. वाटी मी आणणार, पोरांच्या हातात देणार न्हाय."

सोमवारी खालच्या देवळात सगळं गाव जमलं. भरमू खांबाला टेकून मान खाली घालून बसला होता. आण्णाप्पांचा आवाज चढला होता. "ऊस वाळून काड्या झाल्या. पाणी मधनं गेलं कुठं? ह्यो पाटकरी बदला, न्हायतर मी बैठकीतनं उठतो."

"भरमू, तुझं काय म्हणणं हाय?" मारुतीरावांनी विचारलं.

"तास वाजला की पाणी वळवतो, मारुतीअण्णा. दुसरं मला काय म्हाईत न्हाय."

तेवढ्यात अंबुबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेली वाटी घेऊन आत आली, मागून चार मुलं. चिंतूनं धीर करून सगळं सांगितलं. गाडीचं ऐकून दोघं-तिघं हसले. कल्हईचं ऐकून मष्णू गुरव उठून उभा राहिला.

"देवाच्या वाटीवर संशय घ्यायचा? ह्या येड्या पोरीच्या खेळापायी?"

"ती येडी न्हाय," शामू म्हणाला. बापासमोर इतक्या मोठ्यानं तो आजवर बोलला नव्हता. "दोन्ही वाट्या एका घंगाळात सोडा. जुळ्या हाईत तर संगंच बुडतील."

मारुतीराव विचारात पडले. मग त्यांनी मान हलवली. "सोडा."

सगळे एकदम पुढं सरकले, एकदम बोलू लागले. वासंतीचे हात कानांवर गेले. दाराबाहेर निसटायला तिला दोनच पावलं पुरली असती. चिंतूनं ते बघितलं, तो सगळ्या पंचांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "कृपा करून सगळ्यांनी गप्प बसा. माझ्या बहिणीला आवाजाचा त्रास होतो."

आण्णाप्पांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. गावात त्यांना गप्प बस म्हणणारा अजून कुणी भेटला नव्हता. पण मारुतीरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि देऊळ शांत झालं.

वासंतीनं भिंतीकडे तोंड केलं, खडे मांडले, आणि दोन्ही वाट्या पाण्यात पडताच मिरजेहून गाडी सोडली. आरंभी तिचा आवाज कापत होता. कुडचीच्या पुढं तो कापायचा थांबला. बेळगाव आलं, गेलं. वाट्या शेजारी शेजारी तरंगत होत्या. एक खाली खाली जाऊ लागली होती, दुसरीला कसली घाई नव्हती.

"खानापूर."

ढुब्‌. अंबुबाईची वाटी बुडाली. मष्णूची तरंगत राहिली.

खानापुरातून गाडी सुटली. आता सगळं गाव माना पुढं करून बसलं होतं. गुंजी आली. आण्णाप्पांच्या ओठांची नकळत हालचाल होत होती. मग लोंढ्याचं नाव आलं, आणि दुसरी वाटी बुडाली.

मारुतीरावांनी ती उचलून उजेडात धरली. आत कथिलाचा पांढरा थर होता आणि भोकाच्या कडेला त्याचीच गाठ. "मष्णू?"

मष्णूनं मुंडासं काढून हातात घेतलं. "जत्रेत लई हिरवी दिसत हुती, मारुतीअण्णा. कल्हईवाल्यानं परत दिली तवा भोक पार बुजलेलं. मी बाभळीच्या काट्यानं मोकळं केलं. पाणी चढतंय म्हणल्यावर म्हणलं, झालं काम."

"आणि कुणाला बोलला न्हाईस."

"न्हाय."

आण्णाप्पा उठले. आता पुन्हा ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. पण ते भरमूपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलो रं भरमू. तोंडाला येईल ते बोललो." भरमू डोळे पुसत राहिला आणि मालू त्याच्या शेजारी जाऊन चिकटून बसली.

वाटी खडेबाजारातल्या तांबटाकडे पाठवून कल्हई उतरवून घ्यायची आणि अंबुबाईच्या वाटीशी ताडून बघायची, असं ठरलं. त्याला दोन-तीन दिवस लागणार. अंबुबाई तर आपली वाटी फडक्यात बांधून निघालीसुद्धा, कारण उद्यापासून वर पाट सुरू.

"मग तोवर पाणी कशावर मोजायचं?" मारुतीरावांनी विचारलं.

उत्तर आण्णाप्पांनीच दिलं. "ह्या पोरीची गाडी सोडा की. मला तरी तिच्यावरच भरवसा हाय."

अशा रीतीनं खालच्या करंजहोळचं पाणी वासंतीच्या गाडीवर चालू लागलं. दिवसभर एकटीचा घसा पुरणार नव्हता, म्हणून आजवर कुणाला खड्याला हात लावू न देणाऱ्या वासंतीनं तिघांना गाडी शिकवायला घेतली. सोमवारची दुपार त्यातच गेली. शामू शिट्टी बरी वाजवायचा, पण चिंतू घटप्रभेला घाई करायचा.

"इंजिन पाणी पितं," वासंती म्हणाली. "तू पाजलं नाहीस. परत मिरजेपासून."

"अगं, एवढ्याशानं काय होतंय?"

"आण्णाप्पांचा ऊस वाळतो," वासंती म्हणाली. चिंतू निमूटपणे मिरजेला परत गेला.

मंगळवारी पहिल्यांदा खानापूर आलं तेव्हा टोला द्यायचा मान मालूला मिळाला. दूर शिवारात भरमूनं हात वर करून टोला पोचल्याची खूण केली. दिवस मावळताना आण्णाप्पांच्या शेवटच्या सरीत पाणी होतं. मारुतीराव स्वतः ते बघून आले, ओवरीत वासंतीपासून जरा अंतर ठेवून बसले आणि म्हणाले, "पोरी, गावानं तुझं ऐकलं न्हाय, ती गावाची चूक. मी बेळगावला येऊन तुज्या बाबांना सांगणार हाय. मास्तरांनाबी."

वासंती खडे गोळा करत होती. "घंटा वेळेवर वाजवा म्हणावं," ती म्हणाली.

वाटी लाल होऊन परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शामूनं पुन्हा टोपली काढली. मालूही आपली टोपली घेऊन आली. चिंतू आत गेला. वासंती उंबऱ्यावर बसली होती.

"करवंदांना चाललोय," तो म्हणाला. "या वेळी नवी वाट आहे. ऐक. देऊळ, पाणवठा, मोडका बांध, सागाची झाडं, उतार, करवंदं."

"देऊळ, पाणवठा, मोडका बांध, साग, उतार, करवंदं," वासंती म्हणाली. मग तिनं भिंतीवरची सगळ्यात मोठी टोपली काढली आणि त्याच्या पुढं जाऊन अंगणात उभी राहिली.

"चला की," ती म्हणाली. "गाडीला उशीर होतोय."